संत्र्यांचा जपानी सिनेमा

२ फेब्रु. ८६, रविवार. पांढुर्णा.
विनूचं पत्र. मूळ प्रत बाबांना मोहगावला, कार्बन कॉपी मला. सख्ख्या भावाची कार्बन कॉपी! मजकूर एवढाच की भिलाईला क्वार्टर मिळालं, आता परत येणं नाही, संत्र्याचा बगीचा विकून टाका. बाबांनी गिऱ्हाईकही पाहून ठेवलंय, २३ला बोलणी. मला कोणी विचारलं नाही. मी परक्या घरची ना. चौतीस वर्षं झाली, ते परकं घर अजून सापडायचं आहे.

५ फेब्रु.
शाळा सुटल्यावर वाचनालयात. नागपूरच्या फिल्म मंडळाकडून पेटी आली. हाताने काढलेल्या चित्रांचा जपानी सिनेमा, तीन डबे, तीन रिळं. माहितीचा कागद नाही, नाव वाचता येत नाही, बोलणं सगळं जपानीत. अध्यक्ष म्हणाले, "बाई, पोरांचंच आहे, दाखवून टाका." ९ला इथे, १६ला सौंसरला, मग पेटी परत. दोन्हीकडे मीच, अर्थात.

९ फेब्रु., रविवार.
दुपारी तीनला खेळ. खिडक्यांना कापसाची बारदानं टांगून अंधार केला. शेषराव प्रोजेक्टर घेऊन आले. पोरांपेक्षा मोठीच जास्त. बाबा बाजाराच्या कामाने आले होते, तेही बसले.

पहिल्याच चित्रात संत्र्याचा बगीचा! डोंगरावर पायऱ्या पायऱ्यांनी झाडं, खाली आपल्या तिगावएवढं लहानसं स्टेशन. हॉलभर "अरे संत्रा, संत्रा!" मग दहा मिनिटं कोणाला गोष्टीचं भान नाही. झाडं किती दाट लावली, फांद्यांना टेकू का नाहीत, यावरच बोलणं.

गोष्ट जी कळली ती अशी. लहान मुलगी आजोबांकडे राहायला येते. दुसऱ्या रिळात घर बंद, आजोबा कुठेच दिसत नाहीत. मुलीचे केस लांब, हातात पेटी, गाडीत बसून जाते. तिसऱ्यात परत आजोबांसोबत, केस आखूड, दोघं मिळून रोप लावतात. संपलं.

आमच्याकडे रिवाज आहे, अभिप्राय दिल्याशिवाय चिवडा नाही. त्यामुळे सगळेच बोलले. सोनारकाकू म्हणाल्या, "म्हातारा दवाखान्यात होता. पोरीनं नवस केला, तो बरा झाला, तिनं केस देल्ले." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, खोटं का लिहू. फक्त मारोतराव, बाबांचे जुने बगीचेवाले दोस्त, अडून बसले. "दुसऱ्या भागात विहिरीपाशी मनगटाएवढ्या बुंध्याचं झाड होतं. तिसऱ्यात तेथंच रोप लावून राहिले. झाड काय उलटं वाढते?" लोक हसले. "काका, सिनेमा आहे तो!" त्यांनी चिवडा घेतला नाही.

बाबा म्हणाले, "गेलेलं माणूस येते वापस. घर असलं पाहिजे फक्त."
बसस्टँडवर मला म्हणाले, "नाही विकत. विनूले लिहितो, ठेवून राहिलो तुह्यासाठी म्हणून." बगीचा वाचला. आनंद झाला. खोलीवर येऊन मात्र रडले.

१० फेब्रु.
शेषरावांकडून रिळं पुन्हा पाहून घेतली. मारोतराव बरोबर. आधी नेणाऱ्यांनी दोन नंबरच्या डब्यात तिसरं रीळ ठेवलेलं. म्हणजे रोप आधी, मोठं झाड नंतर. आखूड केस वाढून लांब झाले. म्हातारा दवाखान्यात नव्हता, गेला होता. मुलगी जाते आणि सिनेमा तिथेच संपतो. परत कोणीही येत नाही.

बाबांसारख्या माणसाला झाड दिसू नये? जन्म गेला झाडांत. पण त्यांना दिसायचं तेच दिसलं.

१२ फेब्रु.
डोक्यातून तो डोंगर जात नाही. काल वर्गात फळ्यावर खडू धरून तशीच उभी राहिले. पोरं हसली.

आठवून राहिलं ते लिहून टाकते. मी अकराची, विनू नऊचा. बाबा त्याला विहिरीपाशी बसवून डोळा बांधायला, म्हणजे कलम करायला, शिकवायचे. जंभेरी लिंबाचा खुंट, त्यावर संत्र्याचा डोळा. विनूचं लक्ष पतंगाकडे. मी धुणं घेऊन विहिरीच्या पाण्याच्या थारोळ्यावर, लक्ष सगळं बाबांच्या चाकूकडे. दुपारी ते झोपले की विनूच्या नावाच्या खुंटांवर मीच डोळे बांधायचे. लागले की बाबा गावभर सांगायचे, "पोराच्या हाताले यश आहे." विनू मला डोळा मारायचा. कोणाला सांगितलं नाही, दोघांनीही. तेव्हा मजा वाटायची. हाताला सालीचा वास तीन तीन दिवस राहायचा, साबणाने जात नसे. कुठे गेले ते दिवस.

१५ फेब्रु., शनि.
शेषरावांनी विचारलं, "बाई, सौंसरले कशी लावू? पांढुर्ण्यासारखीच लावू का? लोकायले तेच आवडलं." बाबा मोहगावहून बैलगाडीभर माणसं घेऊन येणार आहेत, गेलेलं माणूस परत येतं ते दाखवायला.

उलटी लावली तर बाबा विनूची वाट बघत बसणार, मरेपर्यंत. सुलटी लावली तर २३ला बगीचा जाणार. माझं काय, ते दोन्हीत नाही.

"सरळ लावा," म्हटलं. झोंबलं मलाच. पण बाबांना फसवून बगीचा ठेवणं जमायचं नाही.

१६ फेब्रु., रवि. सौंसर.
लावली. संपल्यावर गलका. "हे काय? पांढुर्ण्यात तर पोरगी वापस आली म्हणे!" "पैला शेवट लावा!" एक तर शेषरावांच्या अंगावरच गेला. मी उभी राहिले, रिळांची चूक सांगितली. बाबा पहिल्या रांगेत, टोपी काढून मांडीवर. वर पाहिलं नाही.

अभिप्राय कोणी देईना. मग चंद्रभागाबाई उठल्या. आमच्या बगीच्यात पंचवीस वर्षं संत्री तोडताहेत, बाबांच्या वयाच्या. म्हणाल्या, "वापस येईन की नाही, काय लावलं रे? म्हाताऱ्याजवळ पोरगी होतीच ना. पाणी तिनं देल्लं, रोप तिनं लावलं. तो गेल्यावर एकानं तरी म्हटलं का तिले, बाई, तू राय म्हणून? मंग जाईन नाही तं काय करीन!"

मी बारदानं उतरवत होते. हात थांबले. बाबांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मला भेटले नाहीत, गाडीत बसून गेले.

१९ फेब्रु.
माईची चिठ्ठी मोहगावहून. आईला लिहिता येत नाही, शेजारच्या मुलीचं अक्षर. बाबा जेवतात पण बोलत नाहीत. विनूला लिहिलेलं पत्र टाकलंच नाही. गिऱ्हाईक २३लाच येणार.

चंद्रभागाबाई म्हणतात कोणी विचारलं नाही. खरं आहे. पण मी तरी कधी तोंड उघडलं? खुंटांबद्दलसुद्धा नाही.

२२ फेब्रु., शनि. मोहगाव.
आंबिया बहार फुटलाय, झाडं फुलली. फाटकापासूनच वास. बाबा विहिरीपाशी. वाटेत बसमध्ये चार वाक्यं घोकली होती, त्यातलं एकही आलं नाही. म्हटलं, "बाबा, बगीचा माह्याकडे द्या."
"अन् शाळा?"
"बदली मागीन इकडे. सकाळची शाळा, दुपारून बगीचा."
"लोकं काय म्हणतीन?"
"चौतीस वर्षं म्हणूनच राहिले."
मग खुंटांचं सांगितलं. विनूच्या नावाची ती सगळी झाडं. विहिरीपासून बांधाच्या धुऱ्यापर्यंत बोट दाखवत गेले, कोणतं कोणतं ते. बाबा मागे मागे चालले. एका झाडाशी थांबून बुंध्यावरचा जोड चाचपला, बराच वेळ. म्हणाले, "इतकी वर्षं सांगितलं काहून नाही?"
"विचारलं काहून नाही?" तोंडातून निघून गेलं. बापाला असं बोलले. ते घरी चालते झाले.

२३ फेब्रु., रवि.
सकाळपासून माझ्याशी एक शब्द नाही. धुतलेलं धोतर, दाढी. म्हणजे ठरलंच असावं. गिऱ्हाईक तिघं, चारला येणार. बाबांनी ओसरीत खुर्च्या मांडल्या, तीन त्यांच्या, एक स्वतःची. घरात बस्स तेवढ्याच आहेत. मी चहाचं आधण ठेवलं.

मग बाबांनी आत येऊन फळीखालचं स्टूल ओढलं, धोतराने पुसलं, बाहेर नेऊन आपल्या खुर्चीशेजारी ठेवलं.

चहा माईवर सोपवला. स्टुलावर बसूनच हे लिहिते आहे. बाबा फाटकाकडे बघताहेत. जीप आली.