अव्वाचा आवाज आणि माझी हार्ड डिस्क

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
लोक मोटारसायकलला हार घालून मोकळे होतात. मी कॉम्प्युटरची साग्रसंगीत पूजा केली. कॅबिनेटवर विभूतीची तीन बोटं, झेंडूचा हार, आणि नारळ थेट कॅबिनेटवरच वाढवला. एका दणक्यात फुटला. पाणी भरपूर. बायको शांभवी म्हणाली, आत गेलं असंल की. तिला हार्डवेअर कळत नाही. वर जाळी असते, त्यातून निथळून जातं.

२ ऑक्टोबर, दसरा
कॉम्प्युटर सुरू होत नाही. निदान: व्होल्टेज. कॉलनीत कुणालाच अर्थिंगची जाणीव नाही.

४ ऑक्टोबर
अजून बंद. आत अव्वाचं, म्हणजे आईचं, रेकॉर्डिंग आहे. ती जाऊन दोन वर्षं झाली. त्याआधी तिची पंचमीची गाणी, अर्धी कन्नड, अर्धी मराठी, मी स्वतः मोबाइलवर घेतली आणि कॉम्प्युटरवर चढवली. मोबाइल नंतर विकला. काळजी नाही. D ड्राइव्हवरचा बॅकअप E ड्राइव्हवर आहे.
शांभवीने विचारलं, ई ड्राइव्ह कुठं हाय? म्हटलं, त्याच कॉम्प्युटरात. तिने कपाळावर हात मारून घेतला. शिस्तीचं कौतुक नाही या घरात.

७ ऑक्टोबर
अक्काचा आजऱ्याहून फोन. भाऊबीजेला येतो म्हणाली. ओवाळणी नको, साडी नको, अव्वाचा आवाज तेवढा ऐकव. रडत होती. म्हटलं, ये की, तयार ठेवतो. फोन ठेवल्यावर कॉम्प्युटरचं बटण दहा वेळा दाबून बघितलं. व्होल्टेज अजून कमीच.

१० ऑक्टोबर
शांभवी म्हणते, दुकानात द्या की. अजिबात नाही. दुकानवाले डेटा चोरतात. व्हिडिओ बघून कॅबिनेट स्वतः उघडलं. आत विभूती, झेंडूच्या पाकळ्या, मुंग्या. व्हिडिओत मुंग्यांचा विषयच नाही. त्या लोकांना अनुभव कमी.
परत बसवताना चार स्क्रू उरले. कंपनी जास्तीचे देत असावी.

१३ ऑक्टोबर
भिजलेला मोबाइल तांदळात ठेवतात. पाणी गेलेलं नाहीच, पण हवा दमट आहे. हार्ड डिस्क काढून अक्कानेच पाठवलेल्या घनसाळ तांदळाच्या डब्यात पुरली. आता फक्त संयम.

१७ ऑक्टोबर, वसुबारस
डब्यात डिस्क नाही! शांभवीला भात लावताना सापडली. तिने ती परस्पर राजारामपुरीतल्या दुकानात नेऊन दिली. मला न विचारता. रागाने जेवलो नाही. नंतर जेवलो. भात सुरेख झाला होता.

२० ऑक्टोबर
दुकानातून पेन ड्राइव्ह आला. सगळ्या फाइल्स जशाच्या तशा. तांदळाचा गुण. अक्काला फोन करून कळवलं, मीच रिकव्हरी केली. शांभवी म्हणाली, एकदा ऐकून तर बघा आधी. मी केलेलं रेकॉर्डिंग तपासायची गरज नसते.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
ओवाळून झाल्यावर पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. अक्का आधीच डोळ्याला पदर लावून बसलेली.
हॅलो, हॅलो, टेस्टिंग. मी. आवाज खणखणीत. मग माझी प्रस्तावना: आमच्या घराण्याचा इतिहास, लोकगीतांचं महत्त्व, मोबाइलचं मॉडेल, माईक किती लांब धरावा. मग एक गाणं मीच म्हणून दाखवलं, अव्वाला अंदाज यावा म्हणून. अक्का म्हणाली, पुढं ने की. पुढेही मीच होतो. पुढे बराच वेळ मीच होतो.
शेवटी अव्वा म्हणाली, सिद्ध्या, आता मला म्हणू दे की रं. मग तिने गायला श्वास घेतला. तो स्पष्ट ऐकू येतो. आणि रेकॉर्डिंग संपलं. मेमरी फुल.
मग अक्काने माझ्या हातातून रिमोट घेतला आणि अव्वाचं तेवढंच परत लावलं. परत लावलं. शांभवी तिच्याजवळ जाऊन बसली.
चूक मोबाइलची. तेव्हाच जास्त मेमरीचा घ्यायला हवा होता. हे त्या दोघींना सांगणार होतो. सांगितलं नाही.