गुरुवारचं विमान

पीटर्सबर्ग, अलास्का
९ सप्टेंबर १९६८

ती. हिल्माताईस,
ओलावचा शि. सा. न. वि. वि.

रेडिओवर ऐकलंच असशील, पण मी धडधाकट आहे. बरगड्या तेवढ्या दुखावल्यात. नेहमीसारखा गुरुवारी तुझ्याकडून निघालो आणि परतीच्या वाटेत इंजिन गप्प झालं. पेट्रोल संपलं होतं. लाटांवर कसाबसा उतरलो, एक पंख मोडला. मासेमारीच्या बोटीने मला बाहेर काढलं, विमानही ओढून आणलं.

चूक माझीच. विमान ज्यांवर पाण्यात तरंगतं, त्या तरंड्यांत पाणी शिरतं. ते आधी उपसायचं आणि मग दोन्ही पंखांतल्या टाक्यांत काठी बुडवून पेट्रोल बघायचं, ही आपली रीत. तुझं टपाल नि बटाटे पोचवायच्या घाईत मी उपसायचं ठेवलं मागे. विमान एका अंगाला कललेलं, पेट्रोल त्याच बाजूच्या टाकीत उतरलेलं. तिच्यात काठी वरपर्यंत ओली निघाली, दुसरी टाकी मी पाहिलीच नाही. धक्क्यावर आता मला ‘अर्धी टाकी’ म्हणतात.

रागावलीस तरी लोभ असू दे.
तुझा ओलाव

रेवन खाडी
१४ सप्टेंबर

चि. ओलावास, अनेक आशीर्वाद.

बाबांना समुद्राने नेलं. तुला आकाशाने न्यायची वाट मी बघत बसणार नाही. साठी उलटली, अक्कल कुठे गहाण टाकलीस? बटाट्यांवाचून कोणी मरत नाही. पुन्हा विमानात पाय ठेवलास तर मला बहीण म्हणू नकोस.

धुरावलेला सॅमन मासा पाठवते आहे. बरगड्या शेकत जा.
काळजीत,
हिल्मा

पीटर्सबर्ग
२ ऑक्टोबर

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझा शब्द मोडत नाही. पंख दुरुस्त झालाय, महिनाअखेरीस गिऱ्हाईक विमान घेऊन जाईल. तुझं टपाल आता महिन्याच्या बोटीने येईल. मला बोट सोसत नाही, तुला ठाऊकच आहे. तेव्हा भेट कधी, देव जाणे.

आठवण असू दे.
ओलाव

रेवन खाडी
१२ ऑक्टोबर

चि. ओलावास, आशीर्वाद.

बोटवाला खोळंबलाय, म्हणून थोडक्यात. महिनाभरात कुणाशी बोलले नव्हते, त्याला हाक मारली तर आवाज घोगरा निघाला. परवा गुरुवारी डोंगरापलीकडून कुणाचंसं विमान गेलं. मी टेबलावरची चादर हलवत धक्क्यावर उभी. ते वळलं नाही.

तुला काही झालं तर मी जगणार नाही, हे खरंच. पण हे असं जगणंही मला जमत नाही रे. विमान विकू नकोस. दोन्ही टाक्या बघ आणि ये.

तुझी वाट बघणारी,
हिल्मा