टोमॅटोंना आज मी पाणी घालतो

लोर्ना,

बँकेचं ते पत्र आठवतं? 'कर्जाच्या घरात अजून तुम्हीच राहता का?' "उत्तर देतो," म्हणालो आणि दिलं नाही. तुला वाटलं, विसरलो. विसरलो नव्हतो. आपण नातीला सांभाळायला लेकीकडे आलो आणि बँकेला न विचारता घर ग्रॅडीला भाड्याने दिलं, हे त्यांना आपोआप कळावं आणि त्याला निघावं लागावं, अशी आशा धरून मी बसलो होतो. बँक घरच ताब्यात घेईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दर गुरुवारी तू तिथल्या टोमॅटोंना पाणी घालायला जातेस आणि हसत परततेस. "ग्रॅडीने झोपाळा दुरुस्त केला. पुस्तकं वाचून खिळे ठोकले जात नाहीत, ऑर्विल!" थट्टाच असेल, पण मला ती लागली.

काल त्या रस्त्याने गेलो, तर तो माझ्याच झोपाळ्यावर माझंच पुस्तक वाचत होता. मला पाहून उठला. "या ना, मिस्टर हॅल्वर्सन! लोर्ना सांगत होत्या, तुमच्यासारखं वाचून कुणी दाखवत नाही. जरा वाचता?"

हे त्याला सांगतेस. मला का नाही सांगितलंस?

सूप शेगडीवर आहे. टोमॅटोंना आज मी पाणी घालतो, तू येऊ नकोस. ग्रॅडीला दोन पानं वाचून दाखवीन म्हणतो, जमलं तर.

बँकेला खरं ते लिहिलं, परवानगी मागितली. पत्र दारातल्या टपालपेटीत ठेवून, टपालवाल्याने ते न्यावं म्हणून पेटीची लाल झेंडी वर केली होती. आत्ता खिडकीतून पाहिलं, टपालवाला पत्र घेऊन, झेंडी खाली करून गेला.

ऑर्विल