टोकाच्या रानाचं पाणी

प्रिय सयाजी,

फोन केला की तुझा पीए उचलतो आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणतो. सख्ख्या बहिणीला साहेब! म्हणून हे पत्र दिल्लीला निघालेल्या दीपमालाच्या हाती देतेय. बायकोला तरी मीटिंग सांगणार नाहीस.

तुझं लोकसभेतलं परवाचं भाषण गावाने टीव्हीवर ऐकलं. आपल्या माण तालुक्याच्या पाण्यावर बोललास, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी अर्ध्यातच उठले. कुळवामागे चालणारा माझा भाऊ तिथवर पोचला, याचा अभिमान मला नाही असं समजू नकोस. दुष्काळात कालव्याच्या गेटचं कुलूप तू फोडलंस, टोकाच्या रानापर्यंत पाणी नेलंस आणि दहिवडीच्या कोठडीत बसलास. मी भाकरी घेऊन आले तर गजाआडून म्हणालास, "आक्का, ठेचा कमी हाय गं." पोलीससुद्धा हसले होते. त्याच कुलपाने तुला खासदार केलं.

आता इकडचं ऐक. कालव्याचं पाणी पाळीप्रमाणे सोडणाऱ्या पाटकरी बिराप्पाला कामावरून काढायला निघालेत. गेल्या रविवारी पाण्याची पाळी टोकाच्या लोकांची होती, आणि पाणी गेलं तुझ्या नव्या उसात. गेटचं कुलूप तुटलेलं. तुला बदनाम करायला बिराप्पानेच ते तोडलं, असं तुझी माणसं सांगत सुटलीत. खाली लोकांचा कांदा माना टाकतोय. बिराप्पा सकाळपासून माझ्या अंगणात बसलाय. "आक्का, म्या हात लावला न्हाई. पण माझं कोण ऐकतंय?" एवढंच पुन्हापुन्हा म्हणतो. मला त्याच्याकडे बघवत नाही.

सयाजी, त्या रविवारी पहाटे मी वैरणीला गेले होते. ड्रायव्हरला गाडीत बसवून तू स्वतः पहार घातलीस. सराईत हात, एका हिसक्यात कुलूप खाली. बांधाआडून मी पाहिलं. लय राग आला रे.

सोमवारी अधिकारी चौकशीला येताहेत. पाणी संस्थेची अध्यक्ष म्हणून पहिली मलाच विचारतील. मी पाहिलं ते सांगणार, तुझी खासदारकी राहो न राहो. पण चारचौघांत तुझं नाव माझ्या तोंडून निघावं, हे मला सोसवणार नाही. म्हणून लिहिलं. रविवारच्या आत ये, आणि माझ्या आधी तू बोल.

तुझीच, अजूनही तुझ्याच बाजूची,
आक्का