एका ओढीत सुटणारी गाठ

नाना,

परवाच्या वादळात इथं कच्छात आमच्या पांजरपोळाचं छप्पर उडालं, पण जनावरं बठ्ठी वाचली, एकूण एक. पत्रे करकरले तशी मी धावत दावी सोडली. तुमचीच गाठ मारलेली, एका ओढीत सुटणारी. आज त्यांना बांधावरून गोळा करून आणलं, जखमांना हळद लावली. मुनीम म्हणाला, "खानदेशी, ही गाठ कोणाची रे?" म्हटलं, "माझ्या बापाची." मग पोटभर जेवलो.

नाना, पहूरच्या पुरात दावं तुटून आपला मोरक्या बैल वाहून गेला, हे मी खोटं सांगितलं. मी घाईत भलतीच गाठ मारलेली. ती सुटेना, म्हणून त्याला सोडून पळालो. तुम्ही म्हणाले, "जाऊ दे, दावंच जुनं व्हतं."

हे पत्र टाकत नाही. पोळ्याला येतो, तोंडानंच सांगतो.

तुमचा,
नवल