मधे बसणारा ड्रायव्हर

५ जाने., सोम.
गाडी आली. करंजाड्यात आमच्या बिल्डिंगखाली उभी केली, तर वॉचमन विचारतो, "साहेब, हिची पुढची बाजू कुठली?" प्रश्न रास्त आहे. बॉनेट नाही, काच ही एवढी मोठी. ड्रायव्हरची सीट बरोब्बर मधे आणि तिच्या जरा मागे डावी-उजवीकडे एकेक सीट. मालाचा हौदा गुडघ्याच्या वर जेमतेम वीतभर, तिन्ही फळ्या पडतात. बॅटरी पोटाखाली. पोरांनी तासाभरात नाव ठेवलं, बेडूक.

सायली स्वतः घेऊन आली. कंपनीत माझ्या हाताखाली ट्रेनी होती, तेव्हा पाना उलटा धरायची. आता तळोज्याला स्वतःची शेड, अकरा माणसं आणि हा इलेक्ट्रिक पिकअप. भांडवलवाल्यांची अट आहे की जुन्या जाणत्या माणसाचा रिपोर्ट हवा, १५ तारखेच्या आत. मधली सीट त्यांना खटकते. मीही नको म्हटलं तर केबिन नव्यानं करायची, म्हणजे वर्ष गेलं. "तेवढा दम नाही उरला सर," म्हणाली. हसत म्हणाली, पण…

निवृत्त होऊन चार वर्षं झाली. ट्रक-टेम्पोच्या टेस्टिंगमधे चौतीस वर्षं काढलेल्या या माणसाचं मत एवढ्या काळात विचारलं गेलं ते फक्त सोसायटीच्या पाण्याच्या पंपाबद्दल. पोरीचे उपकार आहेत, दुसरं काय.

६ जाने.
नेहमीची पद्धत. हौद्यात वाळूच्या गोण्या, दोन्ही सीटवर एकेक गोणी, बेल्ट लावून. पळस्पे फाट्याला तीन फेऱ्या. वळते झकास. आवाज नाही. रिक्षावाले वाट देतात, बहुतेक घाबरून.

मधे बसून मात्र परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखं वाटतं. पत्ता विचारायचा तर खिडकी लांब. पुढच्या ट्रकला ओलांडायचं तर निम्मी गाडी बाहेर काढल्याशिवाय समोरचं दिसत नाही. वहीत लिहिलं: सीट नापास.

८ जाने.
कर्नाळ्याची खिंड, फुल लोड. चढ कधी संपला कळलं नाही. परतीच्या उतारावर गडबड. बॅटरी जवळजवळ भरलेली असेल तर मोटार गाडीला ब्रेकसारखी मागं ओढत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. पुन्हा चार्ज करून पुन्हा नेली. पुन्हा तेच.

सायलीला फोन. वाद नाही, सबबी नाहीत. "किती स्पीडला, सर?" एवढंच विचारलं आणि लिहून घेतलं. हे माझ्याकडून शिकली असेल तर माझी नोकरी अगदीच वाया गेली नाही.

१० जाने., शनि.
मसुदा तयार. ब्रेकचं काम करावं. हौदा उत्तम. मधली सीट रद्द करून नेहमीसारखी उजवीकडे घ्यावी.

सायलीला वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकला. मग, "सर, एकदा गोण्या उतरवून खरा माल भरा ना. खरी माणसं बसवा." मी चिडलो. म्हटलं, कुठल्याही टेस्ट ट्रॅकवर वाळूच वापरतात, तू मला शिकवू नकोस. ठेवला फोन.

सुधा वाल सोलत होती. वर न बघता म्हणाली, "अहो, त्या गोणीला विचारलंत का, नीट बसलीस ना म्हणून?" बायको इंजिनीअर नाही याचं कधी कधी बरं वाटतं. असती तर माझी धडगत नव्हती.

रात्री सायलीला मेसेज टाकला. उद्या माणसं दे.

११ जाने., रवि.
आजचं सगळं लिहून ठेवायचं.

सायलीच्या वेल्डरची बहीण वनिता, चिरनेरला असते. घरी मडकी करतात. सध्या मडक्यात वालाच्या शेंगा भाजून पोपटी लावायचे दिवस, त्यामुळे मडक्यांना मागणी. दर रविवारी भाड्याच्या पिकअपमधून पनवेलला आणते. सोबत तिची जाऊ, मालू. माल एकट्या ड्रायव्हरच्या हवाली कधीच करत नाहीत, मडकं आहे, एक खड्डा आणि खेळ खलास. त्यामुळे माल जाईल तिथं बाया जाणारच.

मडकी पेंढ्यात रचून भरली. हौदा खाली असल्यामुळे दोघींनीच भरली, मला हात लावू दिला नाही. "काका, तुमी नुस्ती गाडी चालवा."

दोघी दोन बाजूंना बसल्या. मी मधे. निघालो तरी वनिता खाली वाकून काहीतरी शोधतेय. म्हटलं, काय पडलं का?

"दांडा कुटं हाय?"
"कसला दांडा?"
"गिअरचा."
"इलेक्ट्रिक आहे, हिला गिअर नसतो."

दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या, थांबेचनात. मला वाटलं माझ्यावरच हसताहेत. मग मालूनं सांगितलं. आधी अडखळत, मग धडाधड.

"पिकअपमधी मधी बसली ना काका, का दांडा दोन पायांच्या मधी. डायवरनं गिअर टाकला का त्याचा हात… सगलेच काय वंगाल नसतात. पन काही असतात. आमी पिशवी घेतो मांडीवर, नायतर डबा. पनवेल येतंवर पाय आखडून बसाचं."

वनिता म्हणाली, "आज पयल्यांदा मी रस्ता बगतेय."

मी स्पीड कमी केला. 

कंपनीत त्या दांड्याची जागा ठरवणाऱ्या टीममधे मी होतो. ड्रायव्हरचा हात किती लांब पोचतो, खांदा दुखतो का, शंभर वेळा मोजलं. आणि मधल्या सीटवर, प्रत्येक टेस्टला, न चुकता, वाळूची गोणी. गोणीला गुडघे नसतात. चौतीस वर्षांत एकालाही हे सुचलं नाही आणि त्यात मी सर्वांत सीनियर. लाज वाटली. खरोखर लाज वाटली.

बाजारात उतरवताना मोजली. एक मडकं तडकलं. वनिता म्हणाली एरवी चार-पाच जातात. ते तडकलेलं मला दिलं, "बायकोला द्या, झाड लावाला." पैसे घेतले नाहीत.

१२ जाने.
सुधाला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपण नाशिकहून सामान हलवलं तेव्हा ट्रकमधे मी कुठं बसले होते?" मला आठवेना. तिला आठवत होतं. "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" "तुमच्या मांडीवर टीव्ही होता. तुमचं सगळं लक्ष त्याच्यात."

हसलो दोघंही.  अशा बाईनं अडतीस वर्षं सांभाळून घेतलं. चहा मीच केला.

१४ जाने., बुध.
रिपोर्ट नव्यानं लिहिला. ब्रेकमधे तडजोड नाही, ते काम झाल्याशिवाय गाडी घाटात जाऊ नये. पुढचं दिसायला काचेच्या डाव्या-उजव्या खांबांवर कॅमेरे. आणि मग: ड्रायव्हरची सीट मधेच ठेवावी. कारण लिहिलं, जसं मालूनं सांगितलं तसं; गिअर नसला तरी सीट उजवीकडे नेली की मधे कोणीतरी ड्रायव्हरला खेटून बसणारच. खाली एक वाक्य: "प्रस्तुत परीक्षकाने संपूर्ण कारकिर्दीत मधल्या प्रवाशाच्या जागेवर वाळूची गोणी बसवली, ही त्याची चूक आहे." सही केली.

सायली तिळगूळ घेऊन आली. उभ्या उभ्याच वाचला, पाया पडली. म्हटलं, अगं, उलट मी तुझ्या… आणि तिळगुळाचा डबा उघडला.

१६ जाने.
भांडवलवाल्यांच्या ऑफिसातून एकाचा फोन. अतिशय गोड आवाज. रिपोर्ट छान आहे सर, फक्त ते गोणीचं वाक्य काढता येईल का? जरा अनप्रोफेशनल वाटतं. आणि बायका किती टक्के बसतात, काही डेटा? म्हटलं, डेटा नाही, कारण आम्ही कोणी घेतलाच नाही. वाक्य राहील.

"मग कमिटीला सीटबद्दल परत विचार करावा लागेल सर." करा म्हटलं.

माझ्या हट्टानं पोरीचं नुकसान तर होणार नाही? तिला कळवलं. उत्तर आलं: "राहू दे ते वाक्य."

२४ जाने., शनि.
कमिटीचा निरोप नाही. सायलीनं ब्रेकचं काम सुरू केलंय. निर्णय काहीही होवो, ते करावंच लागणार होतं, म्हणाली.

दुपारी वनिताचा फोन. मला वाटलं मडक्याबद्दल.

"काका, गाडी सुरू झाली का?"
"नाही गं अजून. ठरायचंय."
"मंग उंद्या नाय ना येत?"
"उद्या नाही."
"बरं. नेहमीचीच सांगते मंग." मग तिकडे कोणाला तरी ओरडून, "मालू, उंद्या तुजी बारी हाय गो, मधी बसाची! मी गेलेले मागच्या खेपेला."

फोन तसाच चालू होता. मी म्हटलं, सांभाळून जा. ती म्हणाली, "हो काका, आमची सवय हाय. तुमी इचारलंत, तेच लय झालं."