तोरणाखालची पहिली जोडी

९ जुलै
भिंत मिळाली! शाळेच्या व्हरांड्यातली लांब भिंत, मधे एकही खिडकी नाही, वर पत्रे, त्यामुळं पावसाची कटकट नाही. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "फळं, फुलं, पाढे सगळ्या शाळांत झाले. तू गावचं काहीतरी काढ. फक्त १५ ऑगस्टच्या आत."
त्या दिवशी चौसाळ्याकडचे एक सर पाहुणे म्हणून येणार. त्यांना त्यांची अख्खी शाळा रंगवून घ्यायचीय. भिंत जमली तर ते काम मला. नाही जमली तर बीडचा क्लास आणि तलाठ्याची परीक्षा आहेच, अण्णांनी चौकशी करून ठेवलीय.
आईला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "ते रंगाचे डाग धुतल्यावर निघत्यात का?"

१२ जुलै
जेवताना अण्णांनी विषय काढलाच. आमच्या पिठाच्या गिरणीवर दळण घेऊन आलेलं प्रत्येक माणूस त्यांना विचारतं म्हणे.
"शितल काय करती, म्हंत्यात. मी सांगतो, चित्र काढती, नाटक लिहिती, पेटी वाजवती. मंग म्हंत्यात, ते ठीक हाय, पर करती काय?"
दादा लगेच, "एक ना धड, भाराभर चिंध्या." हा स्वतः कधीपासून पोलीस भरतीसाठी पळतोय, अजून कुठं पोचला नाही. पण पोरगा पळतोय ना, मग चालतं.
अण्णा शेवटी एवढंच बोलले, "दिवाळीपर्यंत बग. मंग एक काय ते धर."
वाईट वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

१३ जुलै
पेटी सोडली. मीच. खरं सांगायचं तर बोटं कधी नीट पळालीच नाहीत, कौतुक होतं म्हणून वाजवत होते. राहिलं चित्र आणि नाटक. यातलं एक सोड म्हणणं म्हणजे कुठल्या डोळ्यानं बघू नको ते सांग म्हणण्यासारखं आहे.

१७ जुलै
भिंत खरवडणं, भेगांत लांबी भरणं, घासणं. नाकात, कानात, डब्यातल्या भाकरीवर सगळीकडं पांढरी धूळ. घरी गेले तर आई म्हणाली, "बापासारखीच दिसायलीस की." अण्णा गिरणीतून आलेले, तेही तसेच. दोघंही हसलो.
विषय ठरला. पोळा. पूर्ण भिंतीला गेरूचा हात. आमच्या मातीचाच रंग. त्यावर वेस, वेशीला तोरण, आणि ओळीनं बैल. नांदूरघाटच्या बाजारातून रंग आणले. तिथं नाटकाच्या ग्रुपमधली शबाना भेटली, वडिलांच्या फळांच्या गाड्यावर बसली होती. केजच्या कार्यक्रमातल्या आमच्या नाटकाचा शेवट अजून मी लिहिलेला नाही, त्यावरून तिनं भर बाजारात मला झापलं.
"तालमीला येनार हायस का भिंतीलाच चिकटून बसनार?"
म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, "बगू."

२४ जुलै
अडलंय. सगळ्यात पुढं लाल बैलांची जोडी काढली होती. लाल कंधारी बैल, मागं गेरू. जवळून ठीक, पण मैदानातून बघितलं तर बैलच गायब. नुसत्या झुली हवेत चालल्यात!

२५ जुलै
सुटलं. देवणी जोडी घेतली पुढं. पांढरं अंग, काळे ठिपके, गेरूवर अशी उठून आली की भिंतच पुढं सरकल्यासारखी वाटली. लाल जोडी मागं घेतली, वडाच्या सावलीत. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. चौथीची पोरं समोरच्या वर्गाच्या खिडकीतून बघत होती, त्यांनीही वाजवल्या.

२९ जुलै
धाकटे बापू आले. भिंतीपुढं बराच वेळ उभे, मग मोबाईल काढून फोटोवर फोटो. "शितल, लई झ्याक. मनापासून सांगतो." एवढा मोठा बागायतदार माणूस माझ्या चित्राला झ्याक म्हणतो! दिवसभर हवेत होते.

३० जुलै
जमिनीवर आपटले.
थोरले तात्या आले. काठी टेकून उभे राहिले. मला वाटलं, हेही कौतुक करणार.
"पोरी, तोरणाखाली पयली जोडी कुनाची हाय ही?"
मी म्हटलं, कुणाची नाही, चित्रातली आहे.
"देवणी जोडी गावात एकाच्याच दावणीला हाय."
तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमच्या गावात पोळ्याला वेशीतून पहिली जाते ती थोरल्या पातीची, म्हणजे तात्यांची लाल जोडी. तो त्यांचा मान. देवणी जोडी धाकट्या पातीची, बापूंची. एकाच घराण्याच्या या दोन पाती, एकच आडनाव, मधे एक भिंत, आणि पहिल्या जोडीवरून माझ्या जन्माच्या आधीपासूनचं वाकडं. बापूंनी कालचा फोटो मोबाईलवर सगळ्या गावाला दाखवलाय. खाली लिहिलंय, "मानाची जोडी".
मी प्रत्येक पोळ्याला वेशीत उभी असते. बघत काय होते? झुलींचे रंग!
तात्यांना म्हटलं, लाल रंग गेरूवर दिसत नाही हो.
"दिसत न्हाई? साऱ्या गावाला दिसतो, तुलाच कावून दिसत न्हाई?" मग जरा हळू आवाजात, "मिरवनूक तासाभराची असती. ही भित माझ्या नातवाची लेकरं बगतील. त्यास्नी वाटंल, मान धाकट्याचाच व्हता."
काठी टेकत गेले.

१ ऑगस्ट
थोरल्या पातीचं दळण आज शेजारच्या गावाला गेलं. धाकट्या पातीचं मात्र आलं, नेहमीपेक्षा जास्तच. अण्णा म्हणाले, "एवढ्या पिठाचं काय करनार हायती, देव जाने." हसले नाहीत.
बाईंचं तोंड उतरलेलं. "शितल, सगळ्यावर गेरू फिरव. सीताफळ, केळी, आंबा काढून मोकळी हो. वरून फोन येण्याआधी."
सगळ्यावर गेरू. म्हणजे पंधरा तारखेला चौसाळ्याचे सर येतील आणि सीताफळ बघून जातील. सीताफळ कुणालाही येतं.
अण्णांना विचारलं, काय करू? पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून म्हणाले, "पूस म्हनत न्हाई. राहू दे बी म्हनत न्हाई. पर डोकं लाव." तलाठ्याच्या परीक्षेचं नाव काढलं नाही, हे मी लक्षात ठेवलंय.

३ ऑगस्ट
पुसणार नाही. पुसणार नाही. पुसणार नाही.
देवणी पुढं ठेवली तर तात्यांचा अपमान. लाल पुढं घेतली तर बापू पेटणार, वर चित्रही मरणार. दोघांना खूश करायला गेले तर तोरणाखाली बैलांच्या जागी दोन केळी उभी करावी लागतील. संताप येतोय. तात्यांचा नाही, त्यांचं चुकलं नाही काही. माझाच. गावचं काढते म्हणून ऐटीत उभी राहिले आणि गाव बघितलंच नव्हतं.

६ ऑगस्ट
तालमीला गेले नाही म्हणून शबानाच एसटीनं इथं आली, भांडायला. भिंत बघून भांडण विसरली. सगळं सांगितलं. ती व्हरांड्याच्या पायरीवर बसून पेरू खात ऐकत होती.
"पयली एंट्री कुनाची, यावर तूच आमाला तासभर शिकवतीस की गं. जो आधी येतो तो मोटा वाटतो. हितं कशी इसरलीस?"
"विसरले. पुढं बोल."
"मागं सलमा आनि ज्योतीचं पयल्या एंट्रीवरून भांडन लागलतं, तवा काय केलतंस?"
केलं होतं ते आठवलं. सीनच बदलला होता. पडदा उघडतो तेव्हा दोघी आधीपासून स्टेजवर, भांडी घासत बसलेल्या. एंट्रीच नाही, मग पहिली कुणाची?
शबाना उरलेला पेरू तोंडात टाकून म्हणाली, "मंग बदल की सीन."
तिला मिठी मारली. तिच्या ओढणीला गेरू लागला, त्यावरून पुन्हा भांडलो.

७ ऑगस्ट
ठरलं. बैल वेशीत नाहीत. सकाळ आहे, बैल ओढ्यावर आहेत, अंघोळी चालल्यात. वेस गेली, तोरण गेलं. तोरण पुसताना जीव तुटला, आंब्याचं एकेक पान काढलं होतं. पुसलं.

९ ऑगस्ट
ओढ्याचं पाणी भरतेय. निळं नाही, आमच्याकडचं पाणी कधी निळं नसतं, मातकट हिरवं. सगळे बैल गुडघाभर पाण्यात. कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही, कुणी तिरपा, कुणी पाठमोरा. आणि गंमत अशी, की गेरू पाण्याखाली गेल्यावर लाल जोडी अशी काही चमकायला लागली! रंगानं जे जमत नव्हतं ते सीन बदलल्यावर जमलं. हे अण्णांना कसं समजावू? चित्र आणि नाटक दोन कामं नाहीत, अण्णा. निदान माझ्यात तरी नाहीत.

१२ ऑगस्ट
दोघंही आले. एकाच वेळी. बाई ऑफिसात जाऊन बसल्या, दार लोटून.
बापू आधी, "शितल, तोरन कुटं गेलं?"
"अजून बांधायचंय बापू. सकाळ आहे."
बापूंनी तोंड वाकडं केलं. तात्या भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले.
"आमची जोडी पुढं न्हाई."
"मागंबी न्हाई, तात्या. अंघोळीला कुठं मान असतो?"
बापू पुटपुटले, "हे काय धड न्हाई." तात्या त्यांच्याकडं बघून म्हणाले, "तुला कवा धड वाटलंय?" दोघं एकमेकांशी बोलल्याचं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. भांडलेच, पण बोलले.
जाताना तात्या म्हणाले, "शिंगं आखूड काडलीस. आमच्या बैलाची शिंगं आशी न्हाईत." हातांनी केवढी ते दाखवलं. ते गेल्याबरोबर शिंगं वाढवली. बापूंच्या बैलांचीही, तेवढीच.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन झालं. चौसाळ्याचे सर भिंतीपुढं उभे राहिले, जवळून बघितलं, लांबून बघितलं. "हात चांगला आहे तुमचा." मला कुणीतरी तुम्ही म्हटलं! मग म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत आमची शाळा करा. मात्र आमच्याकडं माणसं नको, बैल नको. फळं, पाढे, नकाशा. तुमच्याकडं काय झालं ते आलंय कानावर. वाद नको."
बाई मागून माझा दंड दाबत होत्या, हो म्हण, हो म्हण.
मी म्हटलं, "सर, पाढे काढते, नकाशा काढते. पण एक भिंत तुमच्या गावाची काढू द्या. आधी चार दिवस गावात फिरेन, विचारेन, मगच ब्रश लावेन."
सर म्हणाले, "बघू. कळवतो."
घरी आईनं डोक्याला हात लावला. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागती ही पोरगी." लागते. भीती वाटत नाही असं नाही. पण त्या भिंतीपुढं उभी राहून नुसत्या सीताफळाला हो म्हटलं असतं, तर मग क्लास काय वाईट होता?

१८ ऑगस्ट
सरांचा फोन नाही.
नाटकाचा शेवट लिहिला, एका बैठकीत. केजला तालीम. शबानानं वाचून वही मिटली आणि म्हणाली, "उशिरा आला, पर आला." तिच्याकडून हे लई झालं.

२० ऑगस्ट
फोन नाही. अण्णांनी विचारलं, क्लासचं काय करायचं, जागा भरायल्यात. म्हटलं, नाही जायचं. सरांचा फोन आला तरी, नाही आला तरी.
"मंग गिरनीवर इचारल्यावर काय सांगू?"
"भिंती रंगवती म्हणा. नाटकं लिहिती म्हणा."
"दोन्ही?"
"दोन्ही."
अण्णा भाकरी मोडत राहिले.

२१ ऑगस्ट
उद्या पोळा. फोन नाही.
सकाळी अण्णांचा चहा घेऊन गिरणीत गेले. दळणाला थोरल्या काकू आल्या होत्या, तात्यांच्या सूनबाई. म्हणजे त्यांचं दळण परत आलं. मला दारात बघितलं नाही त्यांनी. मोटर चालू, पीठ पडतंय, सगळं घरघरतंय. काकूंनी अण्णांना मोठ्यानं विचारलं, "शितल काय करती आता?"
अण्णा काहीतरी बोलले. आवाजात काही कळलं नाही. मलाही नाही, काकूंनाही नाही.
"आँ?" काकू म्हणाल्या.
दळण अर्धं असताना अण्णा मोटर कधी बंद करत नाहीत. पीठ भरड पडतं, गिऱ्हाईक ओरडतं. आज त्यांनी हात लांब करून बटण बंद केलं. पट्टा सावकाश थांबेपर्यंत थांबले.
"भिती रंगवती," म्हणाले. आणि मोटर चालू केली.
नाटकाचं नाही सांगितलं.
चहा ठेवून तशीच मागं आले. केजची गाडी साडेअकराला आहे, तालीम दुपारी.